फक्त या फोनवरून

झिफा आली तेव्हा तराजू काखेतच होता,
बोटांना कांद्याचा वास.
"भरलाय म्हणतो. पैसे आल्याचा मेसेजसुद्धा घेत नाही.
सेलोर्म, काय असेल ते काढ."

उघडलं. चार हजार एकशे बारा फोटो.
तिचे त्यातले साठ-सत्तर,
निम्म्यांत तिचाच अंगठा.
बाकी सगळं ब्रेमेन.

एडेमनं जायच्या आदल्या रात्री
माझ्याच टपरीच्या पायरीवर बसून
स्वतःचं खातं आईच्या फोनवर चढवलं
आणि विसरला.
तेव्हापासून तो तिकडे जे टिपतो
ते इकडे अनलोगात उतरतं, रात्री, लाईट असली तर:
ट्रामचं तिकीट, भाड्याची पावती,
बर्फात रुतलेली सायकल,
निळ्या मफलरमधली एक मुलगी, सत्तावीस वेळा,
आणि मार्चमधला एक पाय,
गुडघ्यापर्यंत प्लास्टर, मागे दवाखान्याची खाट.

"मला म्हणाला होता, थंडीनं घसा बसलाय."
एवढंच बोलली.
मीही तो फोटो मोठा करून पाहिला नाही.

समजावलं: इथून पुसलास तर तिथूनही जाईल.
दारं दोन, खोली एकच.
सिंक बंद केलं
तर फक्त या फोनवरून काढता येईल,
त्याचं त्याच्याकडे राहील.
"आणि नवे?"
नवे येणार नाहीत.

ती बाहेर बघत राहिली,
वाफ्यांना पाणी घालणाऱ्या पोरांकडे.
"मग माझे काढ. त्याचे राहू देत."
तुझेही त्याच्याकडून जातील, म्हटलं.
"त्याला माझे दिसतात?"
दिसतात.
"सगळे?"

मी सरकवत सरकवत मे महिन्यापाशी आलो.
वादळानं उचललेलं स्वयंपाकघराचं छप्पर,
चुलीवर उघडं आभाळ.
वाण्याला पत्रे मोजून दाखवायला काढलेला फोटो.
मुलाला मात्र सांगितलेलं, सगळं ठीक.
जूनमध्ये त्यानं न मागता दुप्पट पैसे धाडले होते,
वर लिहिलेलं: कांद्याच्या बियाण्याला.

झिफा हसली की खोकली, कळलं नाही.

चर्चच्या गायकांचे फॉरवर्ड आलेले व्हिडिओ काढले,
एक गेम काढला, दोन जीबी निघाले.
सिंकला हात लावला नाही.
मजुरी म्हणून तिनं ओंजळभर कांदे ठेवले,
मग फोन उचलून त्या कांद्यांचाच फोटो काढला.
अंगठा आलाच.
"गेला?"
बारीक गोल फिरत होता.
जातोय, म्हटलं.