अकरावा घाणा

सहाव्या आठवड्यात डाग दिसला.
तांबड्या रश्श्याची तर्री उडावी सदऱ्यावर, तेवढाच.
नखानं खरवडला. गेला नाही.
आतून आला होता.

वही उघडली.
अकरावा घाणा, माघ, मंगळवार.
खोबरेल चारशे, शेंगतेल तीनशे, एरंडेल साठ,
सोडा तोलून, पाणी तोलून,
आणि पाच टक्के तेल जास्तीचं
अंगाला मऊ लागावं म्हणून.

"तेच मातलं असंल," म्हणाली बिल्किस.
बागल चौकातनं तीन वड्या परत घेऊन आली होती,
पैसे मागितले नाहीत.
एक वडी नाकाशी धरून म्हणाली,
"दिवाळीचा चिवडा शिमग्याला उघडावा, तसा वास."
खवट हा शब्द मी लिहिला,
लाल शाईनं, खाली रेघ मारून.

मग एकेकाला चौकशीला उभं केलं.
शेंगतेल बदललं. गंगावेशीतला दुकानदार
लेकराची शपथ घेत होता, तरी बदललं.
बारावा घाणा. डाग.
बोअरचं पाणी सोडलं, बॅटरीवाल्याकडनं
शुद्ध पाण्याचा कॅन उचलून आणला,
जिन्यात दोनदा टेकवला.
तेरावा. डाग.
आषाढात मंगळवार पेठेतल्या भिंतींनाही घाम फुटतो,
म्हणून हवेवर संशय घेतला,
टेबलफॅन रात्रभर वड्यांकडं तोंड करून ठेवला
आणि आम्ही उकडत झोपलो.
चौदावा.

तेव्हा डाग बघणं सोडलं,
डागांमधली जागा बघितली.
तीन या कडेला. एक समोरच्या.
वडी उचलली तर माझी बोटं
बरोबर त्यांच्यावर जाऊन बसली,
जरा लहान पडली.

मामंजी उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर होते.
सुटी मिळून सात वर्षं झाली, तरी रोज जातात,
नागेशच्या वर्कशॉपात स्टुलावर बसतात,
कुणाचा टूल घासून देतात, सहाला परत.
एकदा जेवताना मी सहज बोलले होते,
वड्या रोज उलटाव्या लागतात,
नाहीतर एका अंगानं ओल्या राहतात.
ते काही म्हणाले नव्हते. आमटी वाढ म्हणाले होते.

त्या दिवशी क्लास लवकर सुटला.
दिवा न लावता ते मांडणीपाशी उभे,
एकेक वडी उचलत, फुंकर घालत,
उलटी करून कडेला कड लावत,
पाव मिलिमीटर चुकलं तर जॉब परत येईल असे.
हातांच्या रेषांत ती काळी भुकटी,
जी कुठल्याच साबणाला,
माझ्यासुद्धा, कधी दाद देत नाही.

लोखंड तेलाला लवकर म्हातारं करतं,
एवढं रसायन मला ठाऊक होतं.
मी चपला हातात घेऊन दारात उभी.

चार दिवसांनी सांगितलं. सांगावंच लागलं,
गणपतीची साठ वड्यांची ऑर्डर होती.
त्यांनी बोटं दिव्याखाली धरली, उलटी, सुलटी.
"म्हंजे इतकी वर्षं भाकरीतनंबी गेलं असंल की."
आणि हसले नाहीत.
दोन दिवस मांडणीकडं फिरकले नाहीत.
वड्या मीच उलटल्या, वाकड्यातिकड्या.

पंधरावा घाणा.
लक्ष्मीपुरीतनं सुती हातमोजे आणले, नऊ नंबर,
मांडणीच्या खिळ्याला अडकवले, बोलले काही नाही.
संध्याकाळी कडेला कड लागलेली होती.

हातमोजा धुवायला काढला
तर उजव्याचा अंगठा कापलेला,
कात्रीनं, गोल, काठ नीट दुमडून शिवलेला.
"वडी वाळली का ओली, कळायला नको?"

आता एकेका वडीवर एकच डाग,
मागच्या अंगाला.
मी लेबल तिथं चिकटवते.