एवढे आर्टिचोक संपू देत

श्टुटगार्टहून दर रविवारी फोन येतो.
लेक विचारते, आई, कधी निघतेस?
खोली रंगवून झालीय, खिडकीतून झाड दिसतं.
मी म्हणते, येते गं,
एवढे आर्टिचोक संपू देत.

खोटं नाही ते.
एप्रिलात काराक्योयच्या चढावर
उलट्या क्रेटवर फिक्रेत बसतो,
सुरीच्या चार फेऱ्यांत काटेरी डोकी सोलतो
आणि आतल्या फिकट वाट्या
लिंबाच्या पाण्यात सोडतो.
बादलीभर चंद्र, असं कुणी म्हणेल.
मला त्या वाट्याच दिसतात.
तीस वर्षं बटणं मोजून विकलेल्या बाईला
गोल वस्तू उगाच कशासारख्या वाटत नाहीत.

दुपारी एकला दुकानाचं शटर अर्धं ओढते,
मुझफ्फर वस्तादाच्या खानावळीत जाते.
इथे मेनूकार्ड नाही.
काचेमागे वाफाळत्या पराती,
आपण फक्त बोट दाखवायचं.
बोट माझं, निर्णय वस्तादाचा:
"ते नको. हे घे, आत्ता उतरवलंय."
टेबलं वाटून घ्यायची.
समोर कधी वकील, कधी हमाल,
कधी जहाज कंपनीचं ऑफिस झाडणारी झुल्फिये,
जी पावाने ताटली इतकी लख्ख पुसते
की वस्ताद विचारतो,
भांडीवाल्याचा पगार तुलाच देऊ का?

जानेवारीत एक पाहुणा आला. उंची कोट.
भरलेले टोमॅटो आहेत का?
वस्तादाने डाव खाली ठेवला.
"आहेत. जुलैत. दुसऱ्या आठवड्यात या."
चेष्टा नव्हती ती.
दवाखान्यात तारीख देतात तसा
तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.
पाहुणा हसला, मसुराचं सूप पिऊन गेला.
ती तारीख मी घरी घेऊन आले.

नवरा गेल्यापासून
गुरुवारच्या पलीकडचं मी काही ठरवत नव्हते.

मग हळूहळू लागलंच ते.
हम्सी येईपर्यंत, मक्याच्या भाकरीबरोबर.
बिहीची फोड शिजून लाल होईपर्यंत,
वर म्हशीच्या सायीची वळकटी.
बोझाचा पेला, त्यावर फुटाणे,
बाहेर बर्फ, नाकाला मिशी.
आणि मे महिन्यातले हिरवे आलुबुखारे,
कागदाच्या पुडीत, मिठाबरोबर,
इतके आंबट
की फेरीबोटीवर समोरच्या अनोळखी बाईनेही
माझं तोंड बघून डोळे मिटले.

लेक म्हणाली, आई, इथे सगळं मिळतं.
बारा महिने मिळतं.
मी म्हटलं, तेच तर.

जुलैत, दुसऱ्या आठवड्यात, मी गेले.
पाहुणा आला नाही.
त्याच्या वाटणीचे दोन मी खाल्ले.

ऑगस्ट संपता संपता लेकच येऊन थडकली,
मोठी बॅग घेऊन. रिकामी.
काय न्यायचं, काय टाकायचं,
दोन दिवस कपाटापुढे उभी.
तिसऱ्या दिवशी जेवायला नेली तिला.
काचेसमोर ती उगाच मेनू शोधत राहिली,
मग लहानपणी दाखवायची तसंच
वाकडं करून बोट दाखवलं.
वस्तादाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
काही बोलला नाही. एक टोमॅटो जास्त वाढला.

ती गप्प जेवली.
पावाने ताटली पुसली.
झुल्फियेने माझ्या पायाला पाय लावला.

"मासे नाहीत?" लेकीने विचारलं.
"उन्हाळाभर जाळी बंद असतात,
परवा एक तारीख,
परवा बोटी सुटतील."
विमान उद्याचं होतं.
हात न पुसताच तिने फोन काढला,
दाराशी जाऊन, एक कान बोटाने बंद करून,
तिकीट बदलायला किती पडतील ते विचारू लागली.
एकाचं की दोघींचं, मला ऐकू आलं नाही.
नेमकी तेव्हाच वस्तादाने
रिकामी परात मोरीत आपटली.