घडी

महाद्वार रोडच्या दुकानात एकोणीस वर्षं
मी साड्या उलगडते आणि परत घालते.
विकतात मालक. माझं काम घडीचं.
डोळे बांधून बोटांना विचारा, सांगतील:
ही गिरणीची घडी, ही माझी,
आणि ही
रात्री बाराला, हॉलच्या मागच्या खोलीत,
कुणीतरी घाईनं घातलेली.

मंगळवारी दुपारी, दुकानात कुणी नसताना, ती आली.
अंजिरी साडी. पिशवी आमचीच, पावती सरळ,
लेबल जिथल्या तिथं, त्याच दोऱ्यात.
"घरात पसंत पडली न्हाई ओ."
नखांवर मेंदी, अर्धी उतरलेली.

मी पदर उलगडला.
खांद्याच्या जागी पिनेची दोन भोकं,
मुंगी चावल्यासारखी.
काठाला मांडवातली धूळ.
आणि शेवटच्या पट्टीतून गादीवर पडला
कुंकवात लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

पांढऱ्या गादीवर केवढा दिसला तो!

तिनं पाहिला. मी पाहिला.
मालक गल्ल्यावर नोटा मोजत होते,
डोक्यावर त्यांच्या पाटी:
न वापरलेला माल सात दिवसांत बदलून मिळेल.
त्या 'न'ला धरून ती उभी होती.

आता बोलायची पाळी माझी.
पण मला आठवली पापाची तिकटी
(चौकाला नाव देणारा कोण होता कोण जाणे),
तिथून सुहासच्या गॅदरिंगला आणलेले काळे बूट.
शनिवारी स्टेजवर दहा मिनिटं नाचले,
सोमवारी तळवे ओल्या फडक्यानं पुसून
"पायाला लागतात" म्हणून मी परत दिले.
दुकानदारानं बूट उलटे केले,
तळव्यांकडं बघितलं, मग पोराकडं,
आणि काही न बोलता पैसे मोजले.
पायाला कधीच लागले नव्हते ते.
त्याचं न बोलणं मात्र अजून लागतं.

मी दाण्यावर हात ठेवला.
"मालक," म्हटलं, "कोरी आहे."

माझ्या पदरचं काही गेलं नाही.
दया एवढी स्वस्त पडली की समजावं,
बिल दुसऱ्या कुणाच्या नावानं फाटणार आहे.

दाणा पर्समध्ये ठेवला, के.एम.टी.च्या पासामागं.
अक्षता केरात टाकत नाहीत.
साडीला वाफ दिली, घडी घातली, माझी,
आणि फळीवर मधोमध ठेवली.

शुक्रवारी गोकुळ शिरगावहून एक बाई आली, शेजारणीला घेऊन.
फाउंड्रीच्या कॅन्टीनात भाकरी बडवते म्हणाली.
भिशी लागलेली. सुनेचं डोहाळजेवण.
सतरा साड्या पाहिल्या, बोट फिरून फिरून अंजिरीवर.
"घडी मात्र आमची सुलभा मोडंल आधी.
तिचा हातगुण लई चांगला.
कोरीच हाय न्हवं?"

खोटं एकदा बोललं
की दुसऱ्यांदा बोलावं लागत नाही.
नुसती मान हलवली तरी भागतं.

मालकांना खुणेनं दोनशे कमी करायला लावले.
तेही माझे नव्हते.

पिशवीत घालता घालता पदर पुन्हा काढला,
खांद्याची जागा अंगठ्यानं दाखवली.
"सुनेला सांगा, पिन इथंच लावायची.
बरोबर इथं. दुसरीकडं टोचली तर
धागा निघतो."

बाई खूश झाली.
पायरी उतरताना शेजारणीला म्हणाली,
"बघ गं, किती जीव लावून सांगतात
ही माणसं."