मर्यादवेल

वैशाखात तारी मास्तर देवबागहून आले
तेव्हा हातात फणस नव्हता, आमसुलं नव्हती.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली
वीतभर काडी होती, तीन डोळ्यांची.
"मर्यादवेल," म्हणाले.
"दर्याक सांगता ती, हयसून फुडे येव नको."

धायरीत, चौथ्या मजल्याच्या गच्चीवर
दर्याला कुणी काय सांगायचं?
इथे रात्री साडेदहाला टाकी वाहते, तेवढंच.

माझ्या कुंड्या शिस्तीच्या.
मृगात भेंडी, श्रावणात शेवंतीच्या काड्या,
दिवाळी उलटली की मेथी,
आणि सोसायटीभरचा पाला पोत्यात कुजत घातलेला.
मास्तरांनी फक्त रंगाचा रिकामा डबा मागितला.
खिळ्याने तळाला भोकं पाडली,
पार्किंगात उरलेली बिल्डरची रेती भरली
आणि वरून चमचाभर मीठ.
"मास्तर, मीठ घालून कुणी झाड वाढवतं का?"
"तुमी जेवणात घालनास नाय?"

महापालिकेच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं
मोर शिकवला, झेंडा शिकवला,
दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य शिकवला.
निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून
मोर बंद.

आषाढभर वेल हलली नाही.
मग सुटलीच.
मी मिरचीची कुंडी सरकवली, तिने ती गाठली.
पुन्हा सरकवली.
पुन्हा गाठली.
भाद्रपदात ती कठड्याखालून अंग चोरत
सोलरच्या पाइपापर्यंत गेली,
मधोमध चिरलेलं जाड पान, पानामागे पान.

दसऱ्याला ते पान पोरांनी पाहिलं.
बी विंगमधल्या ईशानने ठरवलं, हाच आपटा.
संध्याकाळी मी गच्चीत आले तर
वेल म्हणजे नुसती सुतळी,
आणि साऱ्या इमारतीत, दारोदार,
समुद्रकाठचं सोनं वाटून झालेलं.
मास्तरांना कसं सांगावं, जिन्यात घुटमळत होते,
तर तेच समोर, खिशात सहा पानं.
"घ्या," म्हणाले. "सोन्यासारख्या ऱ्हवा."
हसत होते की काय, अंधारात नीट दिसलं नाही.

पौषात त्यांनी मला खडकवासल्याला नेलं.
चौपाटीवर कणसं, भजी, घोड्यावर बसून रडणारं पोर.
आम्ही पुढे, बाभळीशी, घडीच्या स्टुलांवर.
दहावीनंतर मी पहिल्यांदा ब्रश धरत होते,
म्हणून दिसेल ते काढलं:
पलीकडचे डोंगर, विजेचे खांब,
सिंहगडावरचा टॉवरसुद्धा.
मास्तरांनी ओला ब्रश घेतला
आणि एका ओढीत पलीकडचा काठ पुसला.
"आता?"

आता समुद्र होता.

खरं सांगायचं तर मला राग आला.
तो डोंगर काढायला तास गेला होता माझा.

शिमग्याला ते गावी गेले नाहीत.
गुडघा एसटीच्या सीटमध्ये मावत नाही म्हणाले,
आणि पुतण्याने फोन करायचं सोडलंय,
हे दुसरं कुणीतरी म्हणालं.
सुतळीला तोवर पुन्हा पानं आली होती.
एका सकाळी जांभळं फूल, एकच,
भोंग्यासारखं उघडलेलं.
मी खाली जाऊन त्यांना बोलावून आणेस्तोवर
ते मिटू लागलं होतं.
गुडघा धरत एकेक पायरी, वेळ लागणारच.

त्याच रात्री टाकी वाहिली.
मोटर बंद करायला वर धावले
तर मास्तर आधीच तिथे,
लेंगा पोटरीपर्यंत दुमडलेला, अनवाणी.
पाणी स्लॅबवरून पसरत आलं,
वाळका पाला, एक चॉकलेटचा कागद पुढे ढकलत,
आलं,
आणि वेलीपाशी थांबलं.
(तिथे उतार संपतो. मला माहीत आहे,
वॉटरप्रूफिंग मीच उभी राहून करून घेतलं होतं.)

"बंद करू नका इतक्यात," ते म्हणाले.
सेक्रेटरी बोंब मारणार, उद्या टँकरचा दिवस.
मी बटणावर बोट ठेवलं
आणि दाबलं नाही.