बिनमटणाचा जाळ

सोहारच्या भंगारवाल्याने दोन रियाल मागितले.
मुकादमने दीड दिला,
वर त्याच्या ढिगातला एक बॉल व्हॉल्व्हही उचलला.
ड्रम दोनशे लिटरचा. आत काय होतं, विचारलं
तर म्हणाला, तेल. कसलं? म्हणाला, तेलच.

म्हणून पहिल्यांदा नुसतं जाळायचं.
रान फ्रीजरमध्येच राहू दे.
रंग, वंगण, त्याचं सगळं मागचं आयुष्य
आधी जळून जाऊ दे, मुकादम म्हणाला,
मग त्यात खाण्यासारखं काही घालू.

तीन शुक्रवार गेले यात.
पाय सळईचे, बिजागरी कुणाच्या तरी दरवाजाची,
जाळीसाठी मी चकचकीत जस्ती पत्रा आणला तर त्याने फेकून दिला:
जस्ताचा धूर चढतो.
जुबैलला एकदा रात्रभर कुडकुडलोय मी, जूनमध्ये.

तो वेल्डर, मी इन्स्पेक्टर.
गेल्या मार्चात त्याचे चार जॉइंट मी नापास केले.
फिल्मवर काळे ठिपके होते, तिळासारखे.
मी पाइपवर खडूने गोल काढले, खाली सही.
आठ दिवस तो मेसमध्ये पलीकडच्या टेबलावर जेवला.
नवव्या दिवशी ताट घेऊन आला, बसला,
आणि भात कालवता कालवता म्हणाला,
तिसरा तरी सोडायचा होतास.

कोळसा समरचा. बुरैमीच्या रस्त्यावर गोणीने मिळतो,
दोन तुकडे आपटले तर काचेसारखे वाजतात.
पेटला तसा ड्रमने आधी काळं ओकलं,
मग पिवळं, मग नाक चुरचुरवणारं पांढरं.
यार्डचा वॉचमन बादली घेऊन धावत आला
आणि बादली उपडी करून तिच्यावरच बसला.

मग हमद अल मकबाली आला, शेजारच्या गॅरेजचा.
दोन फेऱ्या मारल्या. दिशदाशा धुरापासून जपत
आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला,
हम गड्ढा खोदता, गोश्त डालता, दो दिन भूलता.
तुम गड्ढे को पैर लगाया?
काय सांगणार. लगाया, म्हणालो.

व्हॉल्व्ह अर्धा बंद केला. काटा एकशे दहावर थबकला.
धूर विरळ झाला, निळसर,
समुद्राकडून वारा होता तरी चिमणीतून सरळ उभा.
आणि तेव्हा दिसलं:
झाकणाच्या कडेला, बिजागरीपासून वीतभर अंतरावर
एक बारीक धागा बाहेर येत होता.

माझ्या खिशात खडू असतोच.
हात गेला, गोल काढून झाला,
तेव्हा कळलं मी काय केलंय ते.

मुकादम गोलाकडे बघत राहिला.
कोळसा आत एकदा तडकला.
सही? तो म्हणाला. सही कोण करणार, तुझा बाप?
मी सही केली. तारीख घातली.
तो इतका हसला की धूर गिळला,
खोकत खोकत पत्र्याला टेकला आणि कोपर भाजून घेतलं.

संध्याकाळी राहवेना, म्हणून एक वांगं ठेवलं जाळीवर.
साल काळी होऊन फुटली, गर मऊ, धुरकट,
कांदा, मीठ, हिरवी मिरची तिथेच दगडावर ठेचून.
बोटावर घेऊन चाटलं दोघांनी.
थोडा रंग लागतो, मी म्हणालो.
थोडा?
बरं, बराच.
नापास, तो म्हणाला, माझ्या आधी,
आणि वांगं वाळूत पुरून टाकलं.
शनिवारी परत जाळ. झाकण ठोकून सरळ करायचं.

रविवारी सकाळी गेटवर
सेफ्टीवाल्याने आमचे कपडे हुंगले,
हातातलं मीटर बघितलं, परत हुंगलं.
कुठे लागली होती?
मी मुकादमकडे बोट केलं.
मुकादमने माझ्याकडे.