दिवाखोलीची खिडकी

एवाल्ड कोत्सुरेकच्या तुकडीत अकरा माणसं.
मला ती नंबरांनी पाठ आहेत:
दोनशे सात दिवा डाव्या हाताने घेतो,
दोनशे बाराच्या डब्याला कांद्याचा वास,
दोनशे अठरा, म्हणजे आखिम,
दिवा घेताना कधीच वर बघत नाही.
उतरताना पितळी बिल्ला माझ्याकडे, दिवा त्यांच्याकडे.
वर आल्यावर उलट.
सव्वीस वर्षं मी हाच हिशेब करत आले.
एकदाच चुकला. ते पुढे सांगते.

त्या हिवाळ्यात फलकावर
दर सोमवारी नवा कागद लागायचा.
खाण दहा वर्षं चालेल.
खाण चार वर्षं चालेल.
मग नुसतंच, 'पुढील सूचनेपर्यंत',
आणि खाली न लागणारी सही.
न्हाणीघरात छतापासून साखळ्यांना टांगलेले कपडे,
त्यांच्याखाली उघडी माणसं, अंगाला साबण,
एकमेकांना विचारणारी:
तुझा मुकादम काय म्हणतो?

बाकीचे मुकादम पुष्कळ काही म्हणायचे.
कुणाला मंत्र्याच्या मेहुण्याने सांगितलेलं,
कुणाला न्हाव्याने.
एवाल्ड म्हणायचा, "मला माहीत नाही.
उद्या सहाला पिंजरा खाली जाईल, एवढं माहीत आहे."
लोक चिडायचे. मीही.
नवरा दवाखान्यात असताना तीन आठवडे
मी हेच शब्द ऐकले होते,
त्यांनी ऊब येत नाही.

एकदा मात्र तो खोटं बोलला.
रूफिनच्या बायकोला सातवा महिना,
आणि एवाल्ड म्हणाला, बदलीच्या यादीत तुझं नाव आहे.
नव्हतं.
चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला
माझ्या खिडकीसमोर अख्खी रांग थांबवून तो म्हणाला,
"रूफिन, मी यादी पाहिलीच नव्हती.
तुझा चेहरा पाहिला आणि बोलून गेलो."
रूफिनने दिवा घेतला.
बिल्ला माझ्या हातात न देता फळीवर टाकला,
तो घरंगळत चार्जरपर्यंत गेला.

फेब्रुवारीत कागद आला:
पवनचक्क्यांचं प्रशिक्षण, ग्लिवित्सेला,
परीक्षा संगणकावर.
सातशे मीटर खाली उतरणाऱ्यांनी
आता शंभर मीटर वर चढायचं.
खिडकीपाशी हशा पिकला, नाव कुणी दिलं नाही.
एवाल्डने दिलं.
वय चोपन्न, चष्मा बायकोचा.

निकाल त्याने स्वतःच आणला.
माझ्याकडून चिकटपट्टी मागून घेतली
आणि काचेवर लावला, सगळ्यांना दिसेल असा:
शंभरपैकी एकतीस.
"काढायचा नाही, गिझेला," म्हणाला. "पास होईपर्यंत."

दोनशे बाराने वाचला. दोनशे सातने दोनदा वाचला.
संध्याकाळी कुणीतरी खाली पेन्सिलने लिहिलं:
माझी मुलगी चौथीत आहे, शिकवणी घेईल,
फी चॉकलेटमध्ये.
शनिवारपर्यंत सात नावं झाली.
सगळ्यात वर रूफिनचं,
एवाल्डशी अजून एक शब्दही न बोललेल्या रूफिनचं.

शेवटच्या पाळीला
दिवे अकरा परत आले, बिल्ले दहा.
हीच ती चूक.

आखिमने कुठल्याच कागदावर नाव लिहिलं नव्हतं.
फोन उचलत नाही. कबुतरं पाळतो.
एवाल्ड तिसऱ्या खेपेला पास झाला, चौसष्ट,
आता उत्तरेला, समुद्राच्या बाजूला कुठेतरी
पाती बसवतो.
पंधरवड्याने गावी येतो तेव्हा
घरी जाण्याआधी आखिमच्या अंगणात थांबतो,
खुराड्याची शिडी धरून.
वर आखिम दाणे टाकतो, खाली पिसं पडतात,
अर्धा अर्धा तास कुणी काही बोलत नाही.

परवा मी कुंपणापलीकडून विचारलं,
"मागितलास का बिल्ला?"
"नाही," एवाल्ड म्हणाला. हात तसेच शिडीवर.
"हिचा एक पाय आखूड आहे."