पांढरं म्हणजे गरम

ट्रेनिंगला पुण्यात शिकवलं: पांढरं म्हणजे गरम,
काळं म्हणजे थंड. एवढंच.
तेव्हा डिसेंबर होता, मैदानावर
सोळा शिपाई सोळा पणत्यांसारखे दिसले.

इथं मे. चोपड्याच्या वर, अनेरच्या काठी,
रात्रीचे दोन चाळीस,
आणि दिवसभर पंचेचाळीस अंश प्यायलेले धोंडे
अजून माणसाइतकेच गरम.
बांध पांढरा. मेंढरं बसून गेलेली जागा पांढरी.
सातपुडा तर अख्खाच जिवंत.

खबर अशी: हद्दीपलीकडून सात जण,
गोणीत कट्टे, एकाकडे लांब नळीचं.
बडगुजर साहेब नाल्यात पालथे, सोबत अकरा,
रुबाब तडवीच्या पोटाखाली मुंगळ्यांचं वारूळ.
मी दोन किलोमीटर मागे, जीपच्या बॉनेटवर टॅब,
एकशेवीस मीटरवर माझा डोळा,
बॅटरी एकतीस टक्के.

"सपकाळे, किती?"
"सात, साहेब. दोन हलतायत."
"हत्यार?"
एकाच्या खांद्यावर काळी रेघ, आडवी.
लोखंड लवकर निवतं.
"लांब काहीतरी आहे."
"काहीतरी नको. कन्फर्म कर."

तो शब्द मी तोंडात धरून ठेवला,
बोराच्या आठळीसारखा.
माझ्या 'हो'नंतर साहेब एकदाच बोलणार होते
आणि नाल्यात अकरा सेफ्टी एकदम उघडणार होत्या.
पडद्याला त्याचं काही नव्हतं.
तो सातांभोवती पिवळे चौकोन काढत होता,
त्याच्या लेखी धोंडा काय, धोंडू काय.

मग चौकोनांच्या बाहेर दिसलं:
काळं. बोटाएवढं बारीक,
पांढऱ्यातून सरकणारं.
वळलं. थांबलं. भरलं.
पुढच्या सरीत शिरलं.
साप इतका सरळ नाही, माणूस इतका सावकाश नाही.
मी अडावदची. शाळेच्या आधी दोन वर्षं
बापाच्या मागे कंदील धरून उभी राहिलेय
मे-लागवडीच्या कापसात,
फक्त हे असं चालणं बघत.

"साहेब, दोन मिनिटं."
"कशाची दोन मिनिटं?"
उत्तर दिलं नाही. स्वतःच्या मोबाइलवरून
सबस्टेशनला लावला. सातवी रिंग. जांभई.
"काय व्हयनं, ताई?"
"अनेर फीडरला थ्री-फेज कधी सोडली?"
"साडेबाराले. हाई हप्ता रातनीच पाळी शे."
बॅटरी चोवीस.

"पाणी भरणारे आहेत, साहेब. खांद्यावर फावडं असेल."
"असेल?"
"माणसं कन्फर्म नाहीत. पाणी कन्फर्म आहे."
वायरलेसवर नुसती खरखर.
एक टिटवी ओरडत गेली, माझ्या कानात आणि त्यांच्या,
थोड्या अंतरानं.
मग: "कुणी हलायचं नाही."

दोन एकोणपन्नासला एकानं विडी पेटवली.
सातांतले पाच तर धोंडेच होते.
दुसरा खाली वाकला, फावडं मारलं,
काळं डावीकडे वळलं.

गोणी त्याच रात्री गेली, तीन कोस खालून,
बैलगाडीच्या वाटेनं.
अठरा दिवसांनी शिरपुरात एक कट्टा सुटला,
एका पोराचा गुडघा गेला.
त्या गोणीतला असेल. नसेलही.

चौकशीत विचारलं: नऊ मिनिटं काय केलं?
फॉर्मवर सरीला रकाना नाही,
टिटवीला नाही, कंदिलाला तर नाहीच.
मी लिहिलं: 'निरीक्षण सुरू होते.'
बडगुजर साहेबांनी खाली सही केली,
पेनाचं टोपण बराच वेळ सापडलं नाही त्यांना.

पोराचं नाव मला पाठ आहे.
फावडेवाल्याचं अजून माहीत नाही.

बाहेर व्हरांड्यात साहेब थांबले होते, मोबाइल हातात.
म्हणाले,
"त्या सबस्टेशनचा नंबर
मलाही देऊन ठेव."